अप्रकाशित प्रबंधिकांची संस्था

भारतात वाचा, भाषा आणि श्रवण या विषयांवर लिहिलेला एखादा शोधनिबंध घ्या आणि आधी शेवटचं पान उघडा. संदर्भांच्या यादीत एक नोंद बहुतेक वेळा सापडते: कुणाचं तरी नाव, साल, विषय आणि पुढे ‘अप्रकाशित पदव्युत्तर प्रबंधिका, म्हैसूर विद्यापीठ’. कधी एक, कधी पाच-सहा. हे लेखक त्या वेळी बाविशी-तेविशीतले विद्यार्थी होते. वसतिगृहात राहत होते, मेसचं बिल विद्यावेतनातून भागवत होते आणि वर्षअखेरीला गाइडच्या सहीसाठी दाराशी ताटकळत होते. त्यांतले बरेच जण पुढे संशोधनाकडे फिरकले नाहीत. कुणी स्वतःचं क्लिनिक टाकलं, कुणी श्रवणयंत्रांच्या कंपनीत गेलं, कुणी परदेशी. पण त्या एका वर्षात त्यांनी मोजून ठेवलेले आकडे अजून वापरात आहेत.

म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेला २०२५ साली साठ वर्षं झाली. स्मरणिकेत संस्थेचा इतिहास म्हटला की पायाभरणी, उद्घाटनं, संचालकांची मालिका या क्रमानं जायची रीत आहे. तो इतिहास वार्षिक अहवालांत नीट नोंदलेला आहे, तो इथे पुन्हा उतरवण्यात हशील नाही. विद्यार्थ्यांना इथे शिकण्यासाठी आणि संशोधनासाठी पैसे मिळाले, त्या पैशांतून काय उभं राहिलं आणि काय राहून गेलं, एवढ्यापुरताच हा लेख आहे. माझं मत आधीच सांगतो. या देशातलं वाचा-श्रवणशास्त्र मोठ्या प्रकल्पांनी जेवढं घडवलं, त्याहून जास्त विद्यार्थ्यांच्या छोट्या प्रबंधिकांनी घडवलं.

तरी सुरुवातीच्या चार तारखा सांगायला हव्यात. १९६५च्या ऑगस्टमध्ये म्हैसूरच्या वोंटीकोप्पल भागात, भाड्याच्या जागेत, ‘इन्स्टिट्यूट ऑफ लोगोपेडिक्स’ या नावानं कामाला आरंभ झाला. हे नाव आज परकं वाटतं. बोलण्यातल्या दोषांवरच्या उपचाराला युरोपात लोगोपेडिक्स म्हणत, आणि अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी मार्टिन पामर यांनी १९३४ साली काढलेल्या संस्थेचंही नाव हेच होतं. म्हैसूरचे महाराज जयचामराज वाडियार यांनी म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात जमीन दिली. २५ जुलै १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते पायाभरणी झाली. राधाकृष्णन तरुणपणी म्हैसूरला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, म्हणजे पाहुणे तसे घरचेच. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला संस्थेला आजचं ‘अखिल भारतीय’ नाव मिळालं. खर्च केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा, पदवी म्हैसूर विद्यापीठाची, कारभार स्वायत्त, अशी घडी तेव्हाच बसली.

या घडीतली पैशाची बाजू महत्त्वाची ठरली. खर्च केंद्राचा असल्यामुळे संस्थेला विद्यार्थ्यांच्या फीवर जगावं लागलं नाही. उलट विद्यार्थ्यालाच दरमहा विद्यावेतन देता आलं. अभ्यासक्रमांची सुरुवात पदव्युत्तर वर्गापासून झाली आणि पदवीचा वर्ग त्यानंतर आला. हा क्रम उलटा दिसतो, पण त्याला कारण होतं. देशात हा विषय शिकवू शकणारी माणसंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यामुळे आधी शिक्षक घडवणं भाग होतं. त्या काळी हा विषय शिकायचा म्हणजे अमेरिकेला जायचं आणि जायचं तर कुणाच्या तरी मदतीवर. १९५०च्या करारानं सुरू झालेली फुलब्राइट शिष्यवृत्ती होती, मुंबईकडच्या मुलांना १८९२पासून चालत आलेला जे. एन. टाटा एन्डोमेंटचा आधार होता. पण ही सोय मोजक्यांसाठी होती, आणि शिवाय परतून येणारा माणूस इंग्रजी शब्दांच्या याद्या घेऊन येई.

त्या याद्यांचा प्रश्न इथल्या विद्यार्थ्यांच्या पदरात पडला.

कानाची तपासणी दोन भागांत होते. पहिला भाग नुसत्या आवाजाचा. ऑडिओमीटरमधून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकवायचे, माणूस बोट वर करतो किंवा बटण दाबतो, ऑडिओग्राम तयार होतो. स्वराला भाषा नसते, त्यामुळे परदेशी यंत्र इथेही चालतं. दुसरा भाग शब्दांचा. किती मोठ्यानं बोललं की माणसाला बोललेलं कळतं आणि ऐकलेल्या शब्दांपैकी किती तो बरोबर ओळखतो, हे पाहायचं असतं. श्रवणयंत्र कितपत उपयोगी पडेल याचा अंदाज या दुसऱ्या भागावरून येतो. आणि इथे इंग्रजी यादी म्हैसूरच्या बाजारातल्या फुलवाल्याला ऐकवून काहीच समजत नाही. तो शब्द चुकला तर कानामुळे चुकला की इंग्रजी येत नसल्यामुळे, हे कोण सांगणार?

मग यादी आपल्या भाषेत करायची. वरवर पाहता हे काम संध्याकाळभराचं वाटतं. प्रत्यक्षात एका प्रबंधिकेचं वर्ष त्यात जातं. शब्द रोजच्या वापरातले हवेत, म्हणून आधी शंभर-दोनशे शब्द निवडून ते लोकांना कितपत ओळखीचे आहेत ते विचारत फिरायचं. त्या भाषेत जो ध्वनी जितक्या वेळा येतो, तितक्याच प्रमाणात तो यादीत यायला हवा. एकाच कामासाठी दोन-तीन याद्या लागतात, कारण तीच यादी दुसऱ्यांदा ऐकवली तर माणूस आठवणीनं उत्तरं देतो, आणि या याद्या एकमेकींइतक्याच अवघड असायला हव्यात. इंग्रजीत एका अवयवाचे (सिलॅबलचे) शब्द मुबलक, त्यामुळे तिथल्या याद्या एकाक्षरी शब्दांच्या. कन्नडमध्ये बहुतेक शब्द स्वरान्त, एकाक्षरी शब्द फार थोडे, म्हणून तिथे दोन अक्षरांच्या शब्दांवर यादी उभारावी लागली. इंग्रजीतले दोन्ही अवयवांवर सारखा जोर देऊन उच्चारले जाणारे शब्द आपल्याकडे मिळत नाहीत, त्याला पर्याय शोधावा लागला. हे सगळं झाल्यावर ध्वनिमुद्रण, मग ध्वनिरोधक खोलीत चांगल्या कानाच्या माणसांवर चाचणी, मग आकडेमोड.

बोलण्याच्या चाचणीत आणखी वेगळी मेहनत. मूल कोणता ध्वनी कोणत्या वयात स्पष्ट उच्चारतं, हे ठाऊक नसेल तर चार वर्षांचं मूल ‘र’ म्हणत नाही यावर आईला धीर द्यायचा की थेरपी सुरू करायची, हे ठरवता येत नाही. त्यासाठी प्रत्येक ध्वनी शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी येईल अशी चित्रं जमवायची. चित्र असं हवं की मुलाच्या तोंडून नेमका तोच शब्द निघेल. मग बालवाड्या आणि शाळा गाठायच्या, मुख्याध्यापकांची परवानगी काढायची, टेपरेकॉर्डर घेऊन एकेका मुलाशेजारी बसायचं, रात्री खोलीवर ते सगळं ऐकून लिपीत उतरवायचं. संस्थेतून १९७२ साली आलेली बाबू, रत्ना आणि बेट्टगेरी यांची कन्नड उच्चार-चाचणी या वाटेवरचं सुरुवातीचं पाऊल होतं. पुढच्या दोन दशकांत तेलुगू, तमिळ, मल्याळम अशा भाषांत तशाच चाचण्या झाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांतून आल्या. १९८०च्या सुमारास डॉ. प्रतिभा कारंथ यांची भाषिक आलेखाची कन्नड चाचणी तयार झाली. ध्वनी, वाक्यरचना आणि अर्थ असे तिचे तीन भाग. मूळ बेत पक्का होता, म्हणून पुढच्या विद्यार्थ्यांनी ती हिंदीत, मल्याळममध्ये, तेलुगूत नेली. डोक्याला मार लागल्यावर किंवा पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसाला, म्हणजे वाचाघाताच्या रुग्णाला, त्याच्याच भाषेत तपासता येणं ही साधी गोष्ट नव्हे. दुसऱ्या भाषेतल्या चाचणीत तो नापास झाला तर आजाराविषयी काहीच सिद्ध होत नाही.

इथे विद्यावेतनाचा संबंध येतो. म्हैसूरला देशभरातून मुलं येत, अजूनही येतात, प्रवेशपरीक्षा देऊन. मल्याळी मुलगी मल्याळमवर काम करायची म्हणे, तेव्हा तिला माहिती गोळा करायला सुट्टीत गावी जावं लागे. बंगाली मुलगा कोलकात्याला जाई. त्यांच्या घरची परिस्थिती बहुधा मध्यम. कुणी शिक्षकाचं, कुणी बँकेतल्या कारकुनाचं मूल. विद्यावेतनाची रक्कम कधीच मोठी नव्हती, पण ती हातात असल्यामुळे घरून पैसे मागायचे नाहीत आणि सुट्टीत शिकवण्या घ्यायच्या नाहीत, एवढं जमायचं. संशोधनाला लागणारी सगळ्यांत महाग वस्तू म्हणजे वेळ, आणि ते विद्यावेतन विद्यार्थ्याचा वेळ विकत घेत होतं. वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलाला हे पटकन उमजत नाही, कारण त्याचा वेळ रुग्णालय आपोआप घेऊन टाकतं. इथला विद्यार्थी सकाळी क्लिनिकमध्ये रुग्ण पाहतो, दुपारी वर्गात बसतो आणि उरलेल्या वेळात प्रबंधिका लिहितो. तो उरलेला वेळ कुणी विकत घेतला नसता तर या याद्या झाल्या नसत्या.

पीएच.डी.ची गोष्ट निराळी. त्यासाठी विद्यावेतन पुरत नाही, फेलोशिप लागते. म्हैसूर विद्यापीठानं संस्थेला संशोधन-केंद्र म्हणून मान्यता दिल्यावर कनिष्ठ संशोधन अधिछात्रांच्या मोजक्या जागा निर्माण झाल्या. पुढे संस्थेनं स्वतःचा संशोधन निधी उभारला. त्यातून प्राध्यापकांचे प्रकल्प चालतात आणि त्या प्रकल्पांवर नुकते उत्तीर्ण झालेले विद्यार्थी संशोधन-साहाय्यक म्हणून काम करतात. यातून एक वाट तयार झाली: पदव्युत्तर पदवी, मग एखाद्या प्रकल्पावर वर्ष-दोन वर्षं, मग फेलोशिप, मग पीएच.डी. आज देशातल्या वाचा-श्रवण महाविद्यालयांत शिकवणारे अनेक प्राध्यापक या वाटेनं गेले.

संस्थेबाहेरची फेलोशिप मिळवणं मात्र या विषयाच्या विद्यार्थ्याला जड जातं, आणि त्याचं कारण ऐकून लोक थक्क होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘नेट’ परीक्षेतल्या विषयांच्या यादीत वाचा-श्रवणशास्त्र नाहीच. भाषाविज्ञान आहे, मानसशास्त्र आहे, सामाजिक वैद्यक आहे. त्यामुळे चार वर्षं कान आणि स्वरयंत्र शिकलेला विद्यार्थी भाषाविज्ञानाच्या पेपरात पाणिनी आणि चॉम्स्की वाचून बसतो. ज्याला हे जमतं त्याला २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, पुढच्या टप्प्यावर ४२,०००. ही रक्कम चांगलीच आहे. पण एका पूर्ण विद्याशाखेला स्वतःच्या नावानं परीक्षा देता येऊ नये, हे खटकतं. या व्यवसायाची नोंदणी पाहणाऱ्या भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा १९९२ साली झाला, नोंदणी सक्तीची झाली, व्यवसायाला सरकारी चौकट मिळाली. संशोधनाच्या बाजूला तशी चौकट अजून अर्धवट आहे.

सुरुवातीच्या वर्षांतला पैशाचा एक बाहेरचा स्रोत लोक विसरतात. पीएल-४८० करारानं आलेल्या अमेरिकी गव्हाची किंमत भारतात रुपयांत साठत होती आणि त्यातला काही भाग पुनर्वसनाच्या संशोधनाला मिळे. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. अब्रोल यांनी श्रवणशास्त्राचं प्रायोगिक पुनर्वसन केंद्र चालवलं ते अशाच अमेरिकी मदतीवर, आणि हिंदीतल्या शब्द-याद्यांचं आरंभीचं काम तिथे झालं. रेशनच्या लाल गव्हाला नावं ठेवणाऱ्या पिढीला हे ठाऊक नव्हतं.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तिथल्या विद्यार्थी-शिष्यवृत्त्यांविषयी थोडं सांगतो, कारण म्हैसूरहून पुढे शिकायला गेलेल्यांची गाठ त्यांच्याशी पडते. तिथल्या वाचा-भाषा-श्रवण संघटनेचं एक प्रतिष्ठान आहे. ते १९४६ साली वेंडेल जॉन्सन यांनी स्थापन केलं. आयोवा विद्यापीठातले हे प्राध्यापक स्वतः अडखळत बोलत, आणि त्याच दुःखातून या विषयात आले होते. पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणं हे त्या प्रतिष्ठानचं मुख्य काम. त्यात ‘कला सिंह स्मृती निधी’ नावाचा एक निधी आहे. परदेशी आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना त्यातून प्राधान्यानं मदत मिळत आली. सदानंद सिंह आणि कला सिंह ही नावं आपल्या क्षेत्रातल्या जुन्या माणसांना ध्वनिविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकावरून आठवतील. सदानंद सिंह भारतातून गेलेले, पुढे त्यांनी सॅन दिएगोत या विषयाच्या पुस्तकांच्या प्रकाशनसंस्था काढल्या. वाचा-श्रवणावरची जाडजूड इंग्रजी पुस्तकं आपल्या ग्रंथालयात ज्या प्रकाशकांची दिसतात, त्यांतले काही त्यांचेच.

पण जॉन्सन यांच्या नावाशी दुसरीही एक गोष्ट जोडलेली आहे आणि विद्यार्थी-संशोधनाच्या इतिहासात ती टाळून चालणार नाही. १९३९ साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीनं पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना, तुम्ही अडखळता, तोंड उघडण्याआधी विचार करा, असं पुन्हा पुन्हा बजावण्यात आलं. मुलं गप्प होत गेली, बोलायला बिचकू लागली. ती प्रबंधिका छापली गेली नाही, विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिली. २००१ साली एका वृत्तपत्रानं ती उजेडात आणली, विद्यापीठानं माफी मागितली, आणि २००७ साली आयोवा राज्यानं त्या मुलांपैकी हयात असलेल्यांना व इतरांच्या वारसांना मिळून ९,२५,००० डॉलर देण्याचं मान्य केलं. तोवर ती मुलं म्हातारी झाली होती. विद्यार्थिनीचं वय, गाइडचा दरारा, अनाथ मुलांना विचारणारं कुणी नसणं, हे सगळं त्यात आहे. शिष्यवृत्ती देणाऱ्यानं विद्यार्थ्याला पैसे देताना ‘नाही’ म्हणायचा अधिकारही द्यावा लागतो, असं मला ते प्रकरण वाचून वाटतं.

म्हैसूरला मानवी व्यक्तींवरच्या संशोधनासाठी लिखित नैतिक मार्गदर्शिका २००९ साली छापून आली. वेंकटेशन आणि बसवराज यांची ही पुस्तिका आता संस्थेतल्या जवळपास प्रत्येक निबंधात संदर्भ म्हणून दिसते. पालकांची लेखी संमती, समितीची मंजुरी, मुलाला कधीही थांबता येण्याची मुभा, हे सगळं आजच्या विद्यार्थ्याला अंगवळणी पडलं आहे. जुन्या प्रबंधिका चाळताना लक्षात येतं की तेव्हा मुख्याध्यापकांची मान हलली की काम सुरू व्हायचं. कुणाचं नुकसान झालं असं नाही. शब्द ऐकवणं आणि चित्रं दाखवणं यात नुकसान व्हायचं काय? तरी पालकांना विचारायची पद्धत उशिरा आली, हे खरं.

आता त्या ‘अप्रकाशित’ शब्दाकडे. संस्थेचं स्वतःचं नियतकालिक १९७०पासून आहे. म्हैसूर शहरातल्या शाळांमध्ये केलेल्या श्रवण-तपासणीचा १९७१चा अहवाल त्यातच आला. लिहिणाऱ्यांत निकम हे मराठी कानाला ओळखीचं आडनाव आहे. डॉ. शैलजा निकम पुढे संस्थेच्या संचालक झाल्या. पण विद्यार्थ्यांचं काम त्या नियतकालिकात क्वचितच पोचे. पहिल्या वर्षाचा स्वतंत्र प्रकल्प, दुसऱ्या वर्षाची प्रबंधिका, दोन्ही बांधून ग्रंथालयात जमा होत आणि विद्यार्थी गाव सोडून जाई. निबंध लिहायला ना त्याला सवड, ना गाइडला. परिणाम असा की चाचणी तयार आहे, पण ती म्हैसूरच्या कपाटात आणि रुग्ण धारवाडला किंवा विजयवाड्याला. ज्याला हवी त्यानं म्हैसूरला यावं, वाचनालयात बसून हातानं उतरवून घ्यावी. कित्येकांनी तसं केलं. छायाप्रतींच्या छायाप्रती काढून शब्द-याद्या गावोगाव पोचल्या आणि प्रत्येक टप्प्यावर एखादी मात्रा, एखादा आकडा पुसट होत गेला.

यावर संस्थेनं केलेला इलाज मला तिच्या साऱ्या इमारतींपेक्षा मोलाचा वाटतो. २००२-०३च्या तुकडीपासून प्रबंधिकांवर आधारित लेखांचे खंड निघू लागले, ‘स्टुडंट रिसर्च’ याच नावानं. अ भागात श्रवणशास्त्र, ब भागात वाचा-भाषाविकार. विद्यार्थ्याचं नाव आधी, गाइडचं नंतर. आपल्या विद्यापीठीय चालीरीती पाहता हे छोटं धाडसच. पुढे प्रबंधिकांचं संगणकीकरण झालं आणि म्हैसूरची वारी वाचली.

खंड चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. दोन हजार सालानंतर विषय बदलले आहेत. शब्द-याद्यांची जागा मेंदूपर्यंत जाणाऱ्या श्रवण-संकेतांच्या मोजणीनं, गोंगाटात ऐकण्याच्या क्षमतेनं, कॉक्लिअर इम्प्लांटनंतरच्या बोलण्यानं घेतली. यंत्रं बदलली तसे प्रश्न बदलले, त्यात गैर काही नाही. तरी कधी कधी वाटतं, इंग्रजी नियतकालिकांत जे चालतं त्याच्या मागे धावताना आपल्या भाषांचं अर्धवट राहिलेलं काम तसंच मागे पडलं. कन्नड भाषेचं भाग्य असं की संस्था तिच्या अंगणात होती. बाकीच्यांना आपापली माणसं पाठवावी लागली.

मराठीचं काय? मराठीचं काम मुख्यतः मुंबईत झालं. नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात हा अभ्यासक्रम साठच्या दशकापासून आहे. ९ ऑगस्ट १९८३ रोजी मुंबईत अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली, तिचं आवार वांद्रे रेक्लमेशनला. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना १९७६ साली निधन पावलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला मिळालं. पुढे पुण्यातही महाविद्यालयं निघाली. तिथल्या विद्यार्थ्यांनी मराठी शब्द-याद्या केल्या, मुलांच्या भाषेच्या चाचण्या केल्या. पण आपल्याकडे म्हैसूरसारखा एकाच छपराखाली साठा झाला नाही. कोणती प्रबंधिका कुठल्या महाविद्यालयात आहे हे शोधण्यातच विद्यार्थ्याचे पहिले दोन महिने जातात.

आणि मराठीत कामाला तोटा नाही. कन्नडच्या उलट, आपल्याकडे शेवटचा अ गळून पडतो, त्यामुळे पान, घर, दूध, वीट असे एका अवयवाचे शब्द हवे तेवढे मिळतात. शब्द-यादी करणाऱ्याला ही चैनच. पण उच्चाराची चाचणी करणाऱ्याची झोप ‘च’ उडवतो. ‘चिंच’ म्हणून पाहा: पहिला च वेगळा, शेवटचा वेगळा, अक्षर एकच. हिंदी चाचणीवरून मराठी चाचणी बेतली तर हा दुसरा च चाचणीत येतच नाही, आणि मुलाचा तो उच्चार चुकला की बरोबर, हे तपासणाऱ्याच्या कानावर सोडून द्यावं लागतं. ळ आणि ण शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, म्हणजे सुरुवातीचं-मधलं-शेवटचं हा साचा तिथे मोडतो.

त्याहून नाजूक प्रश्न बोलींचा. खानदेशात आणि वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘केळी’ची ‘केयी’ होते. पुण्याच्या मुलांवर बसवलेली चाचणी जळगावच्या मुलाला लावली तर ळ न म्हणणारं ते मूल सदोष ठरतं. प्रत्यक्षात ते आपल्या आजीसारखं बोलत असतं. अनुभवी थेरपिस्टला हे कळतं. नवख्याला कळेलच असं नाही, आणि सहा महिने थेरपी करून ‘डोया’चा ‘डोळा’ करण्यात मूल आणि आईबाप दोघेही थकतात. २०११च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेल्यांची संख्या ५० लाखांच्या घरात आणि बोलण्याचं असलेल्यांची २० लाखांच्या आसपास निघाली होती. ज्याला अपंगत्व नाही अशा मुलाला त्या रांगेत उभं करून कुणाचं भलं होणार?

यासाठी आज पैसा नाहीच असंही नाही. पुण्याच्या बार्टीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती आहे, सारथीची छत्रपती शाहू महाराज अधिछात्रवृत्ती आहे, नागपूरच्या महाज्योतीची आहे. अपंग विद्यार्थ्यांसाठी २०१२-१३पासून केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला २०० जागांची. या कुठल्याही योजनेत वाचा-श्रवणशास्त्राला मज्जाव नाही. अडचण दुसरीकडे आहे. पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्याशिवाय या फेलोशिपा मिळत नाहीत, प्रवेशासाठी मान्यताप्राप्त गाइड लागतो, आणि या विषयाचे गाइड महाराष्ट्रात थोडे. म्हणून आमच्या भागातला मुलगा म्हैसूरला जातो. तिथे त्याला गाइड मिळतो, फेलोशिप मिळते, ध्वनिरोधक खोली मिळते. मग विषय निवडताना आजूबाजूला कन्नड मुलं असतात, म्हणून तो कन्नडवर काम करतो. त्याला दोष कसा द्यायचा?

जुन्या पद्धतीत एक शहाणपण होतं: सुट्टीत घरी जा, तुझ्या भाषेचं काम कर आणि परत ये. फेलोशिपच्या नियमांत तेवढी सैल जागा पुन्हा करता येईल. म्हैसूरचा गाइड, महाराष्ट्राची अधिछात्रवृत्ती आणि जळगाव-बुलढाण्यातल्या शाळा असा मेळ घालणारा एखादा प्रस्ताव संस्थेच्या साठीच्या निमित्तानं दोन्हीकडच्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून तयार करावा. अर्ज लिहायला लागणारी माहिती बरीचशी त्याच अप्रकाशित प्रबंधिकांत आहे.